पहिली कापणी

मशीनवर लाल आकडा उमटला. दोन पॉइंट सात. रांगेतलं बोलणं एकदम थांबलं, कारण किटली माझ्या बायकोची होती.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता, सकाळचे साडेसहा झाले असतील. आमच्या गावची दूध संस्था तेव्हा ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत होती. दारात टेबल, टेबलावर फॅट मोजायचं मशीन, बाजूला वजनकाटा आणि भिंतीकडेला मोरी. मी टेस्टर होतो. गाव मला सुदामभाऊ म्हणण्यापेक्षा टेस्टरच म्हणायचं.

मथुरा रोज दोन वेळा दूध घेऊन रांगेत उभी राहायची. टेस्टरची बायको म्हणून ती कधी पुढे घुसली नाही आणि मीही तिला कधी पुढे घेतलं नाही. आमच्या दोन जर्शी गायी होत्या. तिच्या दुधाला फॅट तीन आठ, तीन नऊ लागायची. साडेतीनच्या खाली ती कधी गेल्याचं मला आठवत नव्हतं.

मी नमुना बदलला, मशीन पुसलं, परत लावलं. परत दोन सात.

"टेस्टर, मशीन बिघडलं का काय वं?" मागून धोंडीभाऊ औटी म्हणाला.

त्याच्या बोलण्याला कारण होतं. आठच दिवसांपूर्वी मी त्याचं दूध मोरीत ओतलं होतं. त्यात पाणी होतं, अगदी उघड होतं, त्यानंही फार वाद घातला नाही. फक्त जाताना म्हणाला, गरिबाचं दूध ओतायला काय जातंय, एक दिवस घरचं ओतून दाखवा, मग मानू. ते वाक्य आठवडाभर गावात फिरलं. पारावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे. टेस्टर घरच्या दुधाला फॅट वाढवून देतो असं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण मी आलो की विषय बदलायचा. आणि त्याच रविवारी संस्थेची सभा होती. नवीन सचिव नेमायचा होता. चेअरमन केरूनाना वाळुंज यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझं नाव पक्कं आहे, फक्त रविवारपर्यंत तुझ्यावर कुणाचं बोट यायला नको.

मथुरा टेबलाजवळ आली. तिचा आवाज कधीच मोठा नव्हता.

"बरसीमाची पहिली कापणी चालू हाय," ती म्हणाली. "चार दिस झाले, दूध वाढलंय पर आज पातळ पडलंय. आजपासून कडबा टाकते बरोबर."

आमच्या गावात तेव्हा बरसीम कुणी लावत नव्हतं. मथुरा महिला मंडळाच्या बायांबरोबर एका सरकारी चारा फार्मवर जाऊन आली होती आणि येताना पिशवीतून बी घेऊन आली. बरसीम म्हणजे मेथीसारखी तीन तीन पानांची हिरवीगार वैरण. त्यात तिनं ओट मिसळून पेरला होता. ओट म्हणजे गव्हासारखं दिसणारं गवत. मला त्या दहा गुंठ्यांत कांदा करायचा होता. ती म्हणाली होती, एकच हिवाळा द्या मला, नाही जमलं तर पुढच्या वर्षी नाव काढणार नाही. मी दिले, पण मनापासून नाही. पेरल्यापासून ती दिवस मोजत होती. पन्नासाव्या दिवशी तिनं पहिला विळा घातला.

हे सगळं रांगेतल्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "बरसीमाला नळ बसवलाय वाटतं." सगळे हसले. दोन बायाही पदर तोंडाला लावून हसल्या.

मी काचेच्या जारमध्ये दूध ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ती काचेची नळी असते, तिच्या मानेवर आकडे असतात. दुधात सोडली की तरंगते. दूध दाट असलं की वर राहते, पाणी घातलेलं असलं की खाली बुडते. ज्या आकड्यावर ती थांबते त्याला आम्ही डिग्री म्हणतो. फॅटचा लाल आकडा सगळ्या रांगेला दिसायचा. डिग्री मात्र जारवर वाकलेल्या माणसालाच दिसते.

मी वाकून पाहिलं. मग लॅक्टोमीटर उचलला, फडक्यानं पुसला आणि म्हणालो, "पाणी हाय."

मथुरेनं माझ्याकडे पाहिलं.

मी किटली उचलली. साडेअकरा लिटर दूध होतं. ते सगळं मी मोरीत ओतलं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. नंतर रिकामी किटली टेबलावर ठेवली. तिनं ती घेतली आणि रोजच्या सवयीनं संस्थेच्या नळाखाली धरली. किटली तिथंच विसळून न्यायची पद्धत होती, सगळेच विसळायचे. धोंडीभाऊ म्हणाला, "वहिनी, थोडं घरला बी न्या, सांजच्या दुधाला लागंल." परत सगळे हसले. तिनं नळ बंद केला आणि किटली अर्धवट विसळलेली तशीच घेऊन गेली.

मी पुढचा नंबर पुकारला.

रांग संपल्यावर धोंडीभाऊ मुद्दाम थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मानलं गड्या." त्या वेळी मला काय वाटलं ते खरं लिहितो. बरं वाटलं.

घरी गेलो तेव्हा मथुरा गोठ्यात होती. बरसीम आणि कडबा एकत्र कुट्टी करून गव्हाणीत टाकत होती. मी हातपाय धुतले, तिनं भाकरी वाढली. जेवताना ती म्हणाली की संध्याकाळची धार तुम्ही काढा, तुमच्या हातानं, आणि तशीच संस्थेत न्या, सगळ्यांसमोर लावा. केरूनानांनाही बोलवा म्हणाली. कडबा पोटात जाऊन दूध सुधारायला आठ दिवस लागतात, तोवर फॅट कमीच येणार, म्हणजे समोर काढलेल्या दुधालाही कमीच आली की लोकांना पटेल.

तिचं म्हणणं बरोबर होतं. यापेक्षा सरळ उपाय नव्हता. मी म्हणालो, "झालं ते झालं. आता आणखी तमाशा नको."

"तमाशा तुम्ही केलाय," ती म्हणाली. "मी निस्तरायचं म्हणतीय."

मी ताटावरून उठलो. रविवारपर्यंत तिचं दूध मी संस्थेत येऊच दिलं नाही. घरात सांगितलं की चार दिवस दही लावा. गावाला वाटलं, टेस्टरनं बायकोला शिक्षा केली.

रविवारी सभा झाली. केरूनाना माईकवर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की संस्था उभ्या राहतात त्या इमारतींवर नाही, माणसांवर. स्वतःच्या लग्नाच्या बायकोचं दूध ज्यानं रांगेसमोर ओतलं, त्याला सचिव करायचं नाही तर कुणाला करायचं? टाळ्या वाजल्या. धोंडीभाऊनंच माझ्या नावाला अनुमोदन दिलं. मला हार घातला. तो हार घेऊन मी घरी आलो नाही, संस्थेतल्या खिळ्यालाच अडकवून आलो. बायकोसमोर घेऊन जायची हिंमत नव्हती.

सोमवारी दूध संघाचे गुजर डॉक्टर आले. ते आठवड्यातून एकदा गावात फिरायचे, आजारी जनावरं बघायचे. मथुरेनं त्यांना निरोप पाठवून गोठ्यात बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. मी घरी आलो तेव्हा डॉक्टर गव्हाणीपाशी उभे होते आणि हातात बरसीमाची एक मूठ घेऊन बघत होते. शेजारच्या अनसूयावहिनी भिंतीपलीकडून आल्या होत्या, त्या दावणीजवळ उभ्या. मथुरेनं मला बघितलं तरी बोलणं थांबवलं नाही.

तिनं डॉक्टरांना सरळ विचारलं की बरसीमाच्या घासानं फॅट उतरते का.

डॉक्टर म्हणाले, उतरते की. त्यांना बोलायची हौस होती आणि समोर ऐकणारं माणूसही मिळालं होतं. त्यांनी एक देठ मोडून दाखवला. नखानं दाबला की पाणी येत होतं. ते म्हणाले, ही पहिली कापणी आहे, यात पाणीच जास्त. गाईला दूध येतं भरपूर, पण रवंथ करायला पोटात काही काडी नसते, म्हणून फॅट पडते. दुसरी आणि तिसरी कापणी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची, ती खरी. अंगात ताकद असते आणि देठही भरलेला असतो. पुढे ऊन तापलं, बोंडं धरली, की होळीपर्यंत देठ काटकी होतो आणि कस निघून जातो. ओटाचंही तसंच, लोंबी येईस्तोवर चांगला, मग पेंढा.

"एकच वाफा असतो बाई," ते म्हणाले, "पण डिसेंबरात तो वेगळा चारा असतो आणि मार्चात वेगळा. बघणाऱ्याला हिरवं ते हिरवंच दिसतं."

मथुरा म्हणाली, "म्हंजी पाणी न घालता बी दोन सात येऊ शकते."

"येऊ शकते. पण ते ओळखायला सोपं असतं." डॉक्टर माझ्याकडे वळले. "पाणी घातलं तर डिग्री पण उतरते. घासामुळं असेल तर फक्त फॅट उतरते, डिग्री जागेवर राहते. सचिव, तुम्ही लॅक्टोमीटर लावला असेल ना? किती होती डिग्री?"

तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "चोवीस."

डॉक्टरांनी हातातली मूठ गव्हाणीत टाकली. मथुरेकडे न बघता म्हणाले की कडबा टाकत राहा, निम्मा निम्मा, आणि दवाचा ओला घास घालू नका, पोट फुगतं. मग पिशवी उचलून गेले. चोवीस डिग्री म्हणजे पाणी. टेस्टर सांगतोय म्हटल्यावर त्यात बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाहेर पडताना ते मला हळूच म्हणाले, "जाऊ द्या, बायामाणसाकडून होतं एखाद्या वेळी."

डिग्री एकोणतीस होती.

लॅक्टोमीटर एकोणतीसवर उभा होता, हलतही नव्हता. मी दोनदा वाकलो, दोनदा पाहिला. दुधात पाण्याचा थेंब नव्हता. साय काढून घेतली असेल तरी फॅट उतरते आणि डिग्री राहते, हे मला माहीत होतं. पण साय धरायला दूध थंड व्हावं लागतं, आणि मी ओतायला उचलली तेव्हा ती किटली माझ्या हाताला कोमट लागत होती. अर्ध्या तासापूर्वी काढलेलं दूध होतं ते. सहा वर्षं टेस्टर होतो मी. माझी चूक झाली नव्हती. मी वाकलेलो असतानाच ठरवलं की ओतायचं.

आणि गोठ्यात मी जो आकडा सांगितला तो खोटा आहे हे जगात माझ्याशिवाय एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं. कारण पाणी घातलं नाही हे तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडेल असं वाटलं, अनसूयावहिनींसमोर काही बोलेल असं वाटलं. तिनं खाली वाकून डॉक्टरांनी टाकलेली बरसीमाची मूठ नीट सारखी केली, गाईच्या तोंडाशी सरकवली आणि घरात गेली.

त्यानंतर जे झालं त्याला मी काय म्हणू. आठ-दहा दिवसांत कडबा लागू पडला आणि फॅट तीन आठवर आली. मीच किटली घेऊन जात होतो. लाल आकडा बघून रांग म्हणाली, बघा, एकदा ओतलं की कशी सुधारते. तिनं तिच्या हातानं इलाज केला आणि त्या इलाजानंच ती चोर ठरली. मी ऐकून घेतलं. वजन लिहिलं.

मथुरा पुन्हा संस्थेची पायरी चढली नाही. संस्थेची नवी इमारत झाली, उद्घाटनाला आमदार आले, गावातल्या सगळ्या बाया गेल्या, ती गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गुरांचं कोण बघणार.

बरसीम मात्र तिनं सोडलं नाही. दरवर्षी दिवाळीच्या आसपास पेरायची, ओट मिसळूनच. दोन-तीन वर्षांत तिच्या गायींचा हिवाळा-उन्हाळा बघून इतर बायाही लावायला लागल्या. त्या तिला विचारायला यायच्या, कधी कापू, आता पाणी देऊ का. ती वाफ्यात उतरून एक देठ बोटांत दाबायची, आणखी चार दिवस थांब म्हणायची, नाहीतर आजच काप, उद्या बोंड धरंल. पहिल्या कापणीला सगळ्यांना एकच सांगायची, निम्मा कडबा टाका. का ते सांगायची नाही. आणि बापे लग्नकार्यात पंगतीला बसले की मठ्ठा पातळ लागला तर कुणीतरी म्हणायचंच, "काय रं, बरसीमाचा का?" नवीन पोरांना त्यातलं काही कळायचं नाही, तरी ती हसायची. आमची सुवर्णा तेव्हा तिसरीत होती. तिला शाळेत पोरी काय म्हणायच्या ते मला मास्तरांकडून कळलं.

आणखी एक गोष्ट होती. दरवर्षी पहिल्या कापणीचे पंधरा दिवस मथुरा डेअरीला दूध द्यायची नाही. कडबा टाकून फॅट नीट येत असली तरी नाही. त्या पंधरा दिवसांत ती दही लावायची, खवा आटवायची, अंगणवाडीच्या पोरांना दूध पाठवायची. सकाळी मी किटलीला हात लावायला गेलो की किटली पालथी घातलेली असायची. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. संस्थेत मी सांगायचो की गाय आटतेय. सव्वीस वर्षं, दर डिसेंबरला.

मी बावीस वर्षं सचिव राहिलो. नाव चांगलं झालं. तालुक्याला एकदा शाल-श्रीफळ मिळालं, तिथंही ती दुधाची गोष्ट सांगितली गेली. ज्याच्या त्याच्या तोंडी ती थोडी वाढत गेली. कुणी सांगायचं वीस लिटर ओतलं, कुणी सांगायचं बायको पाया पडत होती तरी ओतलं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून तेही केलं नाही.

घरात आम्ही भांडलो नाही. लोकांना वाटेल की ती रुसून होती. तसं नव्हतं. माझं दुखलंखुपलं तिनं बघितलं, माझ्या आईचं शेवटचं सगळं केलं, सुवर्णाचं लग्न उभं राहून केलं. फक्त मी एखाद्या गोष्टीत आकडा सांगितला, अगदी पोत्यांची संख्या सांगितली, तरी ती स्वतः जाऊन मोजायची.

मागच्या पावसाळ्यात तिला पोटाचा आजार निघाला. पुण्याला दोन वेळा नेलं. डिसेंबरात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती पडवीत खाटेवर असायची. एकदा दुपारी तिनं विचारलं, "पहिली कापणी झाली का?"

मी म्हणालो, आजच सुरू केली.

"कडबा टाकताय ना?"

"टाकतोय."

घरात दुसरं कुणी नव्हतं. सुवर्णा औषध आणायला गेली होती. मी खाटेच्या कडेला बसलो. म्हणालो, "मथुरा, त्या दिवशी डिग्री..."

तिनं हात हलवून थांबवलं. बोलायला तिला दम लागायचा.

"मला सांगून काय उपेग," ती म्हणाली. "मला ठाऊकच हाय."

मग तिनं कुशीवर व्हायचं म्हटलं. मी तिला भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर सहा दिवसांनी ती गेली.

दहाव्याला नदीच्या घाटावर सगळा गाव जमला होता. आमच्याकडे पिंडदान झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात. दोन-चार जण बोलले. मग केरूनाना उठले. ऐंशीच्या पुढे गेलेत, दोघांनी धरून माईकपर्यंत आणलं. मथुरावहिनी कष्टाळू होत्या म्हणाले, गावाला चाऱ्याचं वळण त्यांनी लावलं म्हणाले. मला वाटलं, या वेळी तरी राहील. पण ते पुढे म्हणाले की माणसाकडून आयुष्यात एखादी चूक होते, वहिनींकडूनही एकदा झाली, ती त्यांनी सुधारली, आणि ती चूक ज्यानं रांगेसमोर पदरात घातली तो त्यांचा नवरा आपल्यासमोर बसलाय. अशी जोडी गावाचं भूषण असते.

तिच्या दहाव्याला, तिच्या पिंडासमोर, तिला माफ करण्यात आलं.

मी उठलो. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. माईक हातात घेतला. भाषण मला कधी जमलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. म्हणालो की त्या दुधात पाणी नव्हतं. पहिल्या कापणीच्या घासानं फॅट उतरली होती, ती तेच सांगत होती. डिग्री एकोणतीस होती आणि मी ती बघितली होती. मला सचिव व्हायचं होतं म्हणून मी ओतलं. नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी चोवीस सांगितली. ती चोर नव्हती, खोटा मी होतो. एवढं बोलून मी थांबलो, कारण आणखी काही नव्हतं.

मग पुढच्या ओळीतला एक म्हातारा उपरण्यानं डोळे पुसायला लागला. बघता बघता बरेच जण पुसायला लागले. केरूनानांनी माझ्या हातातून माईक घेतला. म्हणाले, "मंडळी, ह्याला म्हणायचं माणूस. गेलेल्या बायकोचं नाव राहावं म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलंय त्यानं."

मी म्हणालो, नाना, मी खरं सांगतोय. माईक त्यांच्याकडे होता, ते फार जणांना ऐकू गेलं नाही.

धोंडीभाऊ काठी टेकत आला. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"धोंडीभाऊ, मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी," तो रडत म्हणाला. "सुदाम टेस्टर कधी खोटं बोलला नाही, सगळा तालुका जाणतो. आज बोलला, ते बी वहिनीसाठी."

माणसं एकेक करून पाया पडून जायला लागली. माझ्या. अनसूयावहिनी आणि चार बाया लांब उभ्या होत्या, त्या आल्या नाहीत.

गर्दी थोडी पांगल्यावर सुवर्णा माझ्याजवळ आली. तिच्या हातात माझा कोरडा सदरा होता. तिनं तो मला दिला नाही, हातातच धरून ठेवला.

"अण्णा, ते खरं आहे," ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

"हो."

"आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं नदीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मी लहान असताना शाळेतून रडत आले होते एकदा. आईला विचारलं, तू पाणी घातलंस का. ती म्हणाली, नाही घातलं. मग मी विचारलं, मग अण्णा खोटं बोलले का."

मी ओल्या धोतराचा सोगा पिळला.

"आई म्हणाली, अण्णा खोटं बोलत नाहीत. अंधार होता सकाळचा, त्यांना आकडा नीट दिसला नसेल. आणि परत कुणापुढं असं विचारायचं नाही." सुवर्णानं सदरा माझ्या खांद्यावर टाकला. "मी आजपर्यंत तेच खरं धरून चालले होते."

ती वळली आणि अनसूयावहिनींच्या शेजारी जाऊन उभी राहिली.